अब्बांचे उघडे डोळे

६ जाने., शिरूर अनंतपाळ
गुणवंतकाकांची शोकसभा. अब्बांचे जुने दोस्त. रोज चारचा चहा अब्बांच्या फोटो स्टुडिओतच. पेपरसाठी फोटो मीच काढले. परतीच्या बसमध्ये उभी. पाय भरून आले.

७ जाने., नांदेड
सभेतल्या दोन मिनिटांच्या मौनाचे फोटो पाहिले. सगळ्यांचे डोळे मिटलेले, एकट्या अब्बांचे टक्क उघडे. पाच फोटो, पाचांतही तेच. काय माणूस हाय.
संपादक म्हणाले, कॉम्प्युटरवर मिटव की डोळे, तुझेच वडील. म्हणलं, बातमीचा फोटो, हात लावणार नाही. अब्बांना फोटोतून कापावं तर गाव म्हणेल, चाचा आलेच नाहीत.
अब्बांना पाठवला. लगेच फोन. "तालुक्यातल्या किती नवऱ्यांचे मिटलेले डोळे ब्रशनं उघडले मी. तुला दोन मिटवता येत न्हाईत?" हसू आवरेना. म्हणलं, ते लग्नाचे फोटो अब्बा, हा पेपरचा. अब्बांनी रागावून फोन ठेवला.

८ जाने.
छापला. जसा होता तसा. अम्मी फोनवर सांगते, चौकात लोकांनी विचारलंच, चाचा, दोस्तासाठी दोन मिनिटं बी डोळे मिटवले न्हाईत? अब्बा दुकान बंद करून घरी आले. जेवले नाहीत. मी बरोबर वागले, आणि बापाची मान खाली गेली. लई वाईट वाटून राहिलंय.

१० जाने., शिरूर
सुट्टी काढून आले. अब्बा बोलेनात. चहात साखर मुद्दाम जास्त टाकली (डॉक्टर माफ करो). अर्धा कप झाल्यावर आपणहून सुरू झाले. सभेत हार घातलेला काकांचा फोटो त्यांनीच केलेला. काकांच्या गालावरची चामखीळ नेहमीच्या सवयीनं पुसून टाकली. मौन सुरू झालं नि समोर तो गुळगुळीत गाल.
"दोन मिनिटं गुणवंताला शोधून राहिलो, बेटा. सापडला न्हाई."
मग मीच रडले. अब्बा माझ्या पाठीवर थोपटत बसले, उलटंच.

११ जाने.
अब्बांनी जुन्या निगेटिव्हवरून चामखिळीसकट नवा फोटो काढला, फ्रेम केली. दोघं काकूंकडे. काकूंनी भिंतीवरचा हाराचा फोटो उतरवला, दोन्ही फोटो मांडीवर घेतले. मग म्हणाल्या, "भाई, ह्यांना ती कधी आवडली न्हाई. फोटो काढताना गाल फिरवायचे."
अब्बा हळूच म्हणाले, हाव, दर वेळी तोच सांगायचा, तेवढी काढ.
मी पेपरात काम करते, पण यातला खरा फोटो कोणता, हे मला कुणी विचारलं नाही ते बरं झालं. काकू म्हणाल्या, दोन्ही ठेवून जावा. आम्ही निघालो तेव्हा भिंतीवरचा खिळा रिकामाच होता.