हेडलाइटची रिंग

बुधवार, एप्रिल १९८१. संध्याकाळ.

साळ्याचं बोलणं डोक्यातून जात नाही. सकाळी आमच्या सुमनच्या लग्नाचं बोलायला आला आणि आमची जुनी पिकअप पाहून म्हणाला, "भाऊजी, पोरीले या भंगारात धाडता काय?" याच गाडीनं एवढी वर्षं लाखांदूरला धान नेलं. भंगार कशी? पण हेडलाइटच्या रिंगा खरंच वाईट दिसतात, निकेलचे पोपडे निघालेत.

दुपारभर पॉलिश पेपरनं एक रिंग घासली. चमक यायची सोडून उरलंसुरलं निकेलही गेलं, खालून मळकट पिवळं निघालं. साळा आता आणखी हसणार. रिंग फेकणारच होतो, तर सुमनच्या आईनं हातातून घेतली.

"फेकता काहून जी? पितळ आहे ना हे."

चिंच लावून, राखेनं घासून तिनं ती आमच्या लग्नातल्या पाण्याच्या पितळी गुंडासारखी लखलखीत केली. भंडाऱ्यासारख्या पितळी भांड्यांच्या गावात जन्म काढून मला पितळ ओळखू येऊ नये?

नागपूरहून नवीन रिंगा आणायच्या नाहीत. दुसरी रिंग उद्या मीच घासतो. मागे आंदणाची भांडी पितळेची, पुढे रिंगा पितळेच्या. पोरगी याच गाडीत जाईल. साळ्याला मागे बसवतो, भांडी धरायला.