क्रूराक असे चालतात

१२ जानेवारी, रविवार
निवड झाली! ‘अंतिम कक्षा’ या नव्या सीरियलमध्ये मी क्रूराक. क्रूराक म्हणजे परग्रहावरची दुष्ट जमात. पृथ्वीवरचं पाणी न्यायला येतात आणि वाटेत येईल त्याला मारतात. शूटिंग चाकणच्या एका बंद पडलेल्या शेडमध्ये. एकूण चाळीस क्रूराक घेतलेत, पण माणसं पुरवणारा देहूरोडचा रिझवान मला बाजूला घेऊन म्हणाला, “धम्मरत्नभाऊ, तुमच्यात कायतरी वेगळं आहे.” हे मला बारावीपासून माहीत होतं. मध्ये चौदा वर्षं कंपनीत बोल्ट तपासण्यात गेली, एवढंच.
श्रद्धानं विचारलं, सगळ्यांना मास्क असणार, मग तुमचा चेहरा दिसणार कसा? बायकोला कलेतलं कळत नाही, हे लग्नाआधी कुणी सांगत नाही.
संकल्प: वडापाव बंद. रोज अर्धा तास रियाज.

१३ जानेवारी
वडापाव एकच. (दुसरा अर्धा.)

१९ जानेवारी, रविवार
तालीम. डायरेक्टरनी एकेकाला चालायला लावलं. कुणाचंच पसंत पडेना. म्हणाले, “रोबोटसारखे काय चालताय? या लोकांना घाई नसते. म्हणून त्यांची भीती वाटते.”
मग माझा नंबर. कुठून सुचलं कोण जाणे. डावा पाय मागून ओढत आणायचा. उजवा खांदा पुढे. चार पावलं झाली की थांबायचं आणि उजवा कान पुढे करून ऐकायचं. डायरेक्टर खुर्चीतून उठले. “हेच! सगळे असेच चालतील. तू शिकव त्यांना.”
प्रतिभा म्हणतात ती हीच असावी.

२१ जानेवारी
पॅसेजमध्ये रियाज चालला होता. श्रद्धा मटार सोलता सोलता थांबली. मग म्हणाली, हे अण्णांचं चालणं आहे.
अण्णासाहेब म्हणजे माझे सासरे. आमच्याच बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर राहतात. उभा जन्म कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये, पत्रा दाबायच्या मशीनवर काढला. शहाण्णव साली लोखंडी साचा, म्हणजे डाय, पायावर पडली, डाव्या पायाची तीन बोटं गेली. प्रेसच्या धडधडीनं डावा कान गेला तो वेगळाच. त्यामुळे पाय ओढतात, आणि कुणी हाक मारली की थांबून उजवा कान पुढे करतात. आता थोडंफार साम्य असेलही. माणसाला दोनच पाय, चालण्याचे प्रकार असून असून किती असणार?
श्रद्धा म्हणाली, “त्यांनी बघितलं तर?”
शब्द दिला. रविवारी डायरेक्टरला सांगून चाल बदलून घेतो. नक्की.

२६ जानेवारी, रविवार
सांगितलं नाही. झेंडावंदनाचा दिवस, वाद नको म्हटलं.
दहा-दहाच्या बॅचनं बाकीच्या एकोणचाळीस जणांना शिकवलं. सगळे मला सर म्हणतात. कंपनीत चौदा वर्षांत एकदाही कुणी म्हटलं नाही. लातूरकडच्या एकाला पाय ओढायचं काही केल्या जमेना. त्याला म्हटलं, बाबा रे, पायाला बोटंच नाहीत असं समज. लगेच जमलं.
हे वाक्य घरी सांगायचं नाही.

२ फेब्रुवारी, रविवार
शूटिंग. आज डायरेक्टरशी बोलणारच होतो. पण जाताक्षणीच मास्क चढवला आणि त्यातून आवाज बाहेर जात नाही. दुपारी जेवताना मास्क काढला, तेव्हा डायरेक्टर फोनवर होते. फोन ठेवला तेव्हा मी पुन्हा मास्कमध्ये. प्रयत्नांत कसूर केली नाही.

३ फेब्रुवारी
अण्णा जिन्यात भेटले. “काय जावईबापू, झालं का शूटिंग?” विहारात सगळ्यांना सांगून झालंय म्हणे, आमचा जावई टीव्हीवर येणार. माझा हात धरून दोनदा हलवला.
दिवसभर पोटात कसंतरी होतंय. ॲसिडिटी. वडापाव खरोखर बंद केला पाहिजे.

२९ मार्च, शनिवार
तारीख आली. पाच एप्रिल, संध्याकाळी सात. आमचा एपिसोड पहिलाच.
प्लॅन पक्का. त्या दिवशी अण्णांना देहूरोडला त्यांच्या बहिणीकडे नेऊन सोडायचं. तिकडचा टीव्ही नादुरुस्त आहे, फोन करून खात्री केली. श्रद्धाला हे सांगितलं, तर तिनं भांडी जोरजोरात घासायला घेतली. म्हणजे पटलं.
बिल्डिंगच्या ग्रुपवर मेसेज टाकला: ‘शनिवारी सात वाजता टेरेसवर प्रोजेक्टर. सर्वांनी यावे. चहा-भजी.’ माझं काम लोकांपर्यंत पोचायला नको का?
सायंकाळी: ग्रुपमध्ये अण्णाही आहेत. पहिला अंगठा त्यांचाच.

५ एप्रिल, शनिवार
अण्णा देहूरोडला जायला तयार होईनात. “माझा जावई टीव्हीवर, आन् मी बहिणीकडं शेंगा सोलत बसू व्हय?” नवा शर्ट घालून साडेसहालाच टेरेसवर पुढच्या खुर्चीत. सोबत प्रेस शॉपमधला त्यांचा जुना जोडीदार भिवा. त्याला खास मावळातून बोलावून घेतलेलं.
यान उतरलं. दार उघडलं. चाळीस क्रूराक बाहेर पडले. पाय ओढत, खांदा पुढे. चार पावलं. थांबले. चाळीस उजवे कान पुढे झाले.
भिवाकाका ओरडला, “आरं आण्णा, ह्यो तर तूच हायेस की! धा न्हाई, ईस न्हाई, पार चाळीस आण्णा!”
सगळी टेरेस हसली. अण्णांना नीट ऐकू आलं नाही. त्यांनी उजवा कान पुढे करून विचारलं, “काय म्हणाला?” मग तर लोक पोट धरधरून हसले. अण्णांनी एकदा पडद्याकडे बघितलं, एकदा लोकांकडे. आणि तेही हसले, जरा उशिरा.
मीही हसलो. हे लिहिलंच पाहिजे. मीही हसलो.
माझा चेहरा कुणालाच दिसला नाही. अण्णांना सगळ्यांनी ओळखलं.

६ एप्रिल
अण्णांनी मनाला लावून घेतलेलं नाही. मोठ्या मनाचा माणूस. सकाळी फिरायला गेले नाहीत, पण ऊन फार आहे हल्ली. (सकाळी साडेपाचला.)

७ एप्रिल, सोमवार
कंपनीच्या बसस्टॉपवर सात जण क्रूराकसारखे चालून दाखवत होते. म्हणाले, राव, काय चाल आहे! रिझवानचा फोन आला, पुढच्या भागांसाठी आणखी वीस जण शिकवायचेत. आनंद व्हायला हवा होता. नंतर कळवतो म्हणालो.

८ एप्रिल
जयंतीच्या मिरवणुकीत निळा झेंडा घेऊन अण्णा सगळ्यांत पुढे चालतात. गेली बावीस वर्षं. काल त्यांनी विहाराच्या कमिटीला निरोप धाडला, गुडघा दुखतोय, यंदा झेंडा दुसऱ्या कुणाकडे द्या.
श्रद्धानं हे मला पोळ्या लाटता लाटता सांगितलं. माझ्याकडे न बघता. अण्णांचा गुडघा कधीच दुखत नव्हता.
मला लाज वाटते. ॲसिडिटी नाही.
उद्या खाली जाऊन माफी मागायची. चार मुद्दे काढून ठेवलेत.

९ एप्रिल
गेलो नाही. ओव्हरटाइम होता.
ओव्हरटाइम नव्हता. मीच मागितला. सुपरवायझर म्हणाले, काम नाही, घरी जा. मग कॅन्टीनमध्ये बसून राहिलो.

१० एप्रिल, सकाळ
अण्णाच वर आले. तीन मजले. प्रत्येक जिन्यात त्यांचा पाय वाजत होता. मी आत बसून ऐकत होतो.
खुर्चीत टेकले, पाणी प्यायले. म्हणाले, “मी असा चालतो, हे मला ठावंच नव्हतं बघ. आपलं चालणं आपल्याला कुठं दिसतंय? एवढ्या वर्षांत कुणी बोललंबी न्हाई.”
माझे चार मुद्दे. एकही आठवला नाही.
“तू चाळीस जणांना चालायला शिकवलंस म्हणं. मग मलाबी शिकव. नीट चालायचं. चौदा तारखेला चार दिवस हायेत. तेवढ्यात झेंड्यापुरतं जमंल का?”
त्यांच्या चेहऱ्यावर टोमणा शोधला. असता तर फार बरं झालं असतं.
हो म्हणालो.

११ एप्रिल, शुक्रवार, सकाळी सहा
टेरेसवर अण्णा माझ्याआधीच हजर. बुटांना पॉलिश. दोन्ही हात मुठी वळून छातीशी, झेंडा धरल्यासारखे. “हां, सांग. पाय कुठनं उचलू?”
त्यांच्या पायाकडे बघत उभा राहिलो. मला तो पाय ओढायचा कसा, तेवढंच येतं.
पाणी आणतो म्हणून खाली आलो आणि हे लिहीत बसलोय. वर ते तसेच उभे आहेत.