हातभर दोर

प्रिय अप्पा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून ताईने ते तुमच्या हातात देण्याआधी दोनदा उलटसुलट केलं असेल. मी बरी आहे. दात शाबूत आहेत, वेळेवर जेवते, थंडीचा कोट आहे. एवढं आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं तुम्हाला नीट वाचता येईल.

सध्या मी एका कचेरीत तिसऱ्या मजल्यावर बसते. बसते म्हणजे खरंच बसते, सकाळी नऊपासून. तुम्हाला हसू येईल. एका जागी टिकत नाही म्हणून तुम्ही मला भोवरा म्हणायचात, तुमच्या मागेमागे फिरायचे म्हणून शेपूट म्हणायचात. भोवरा आता दोन महिने एकाच खुर्चीत आहे. जिन्यात रंगाचा वास येतो, खोलीतला पंखा फिरताना मान हलवतो, आणि खिडकीतून समोरच्या गच्चीवर एक माणूस रोज तीच सतरंजी झटकताना दिसतो. काल त्याने झटकली नाही. का ते कळलं नाही. हे सांगायचं नव्हतं, पण आलं तर आलं.

काम असं, की जुन्या वह्यांतले आकडे संगणकावर चढवायचे. पस्तीस वर्षांचे. कुठल्या खोऱ्यात तीळ किती पेरला, जवस किती, सूर्यफूल किती, शेताच्या तुकड्यामागे बी किती निघालं, आणि बाहेरून तेल किती आलं. माझ्या शेजारी जो बसतो त्याला सगळे गोगलगाय म्हणतात, कारण तो एका बोटाने टाइप करतो, पण चुकत नाही. आमच्यावर एक बाई आहेत. त्यांचा चष्मा दोरीला बांधून गळ्यात असतो आणि त्या तो दिवसभर शोधत असतात. पहिल्या दिवशी माझं शिक्षण विचारून म्हणाल्या, अर्धवट शाळा चालेल, अर्धवट आकडे चालणार नाहीत. मला त्या आवडल्या. तुमच्यासारख्याच बोलतात.

सगळं चढवून झालं की पडद्यावर दोन रेघा उमटतात. एक आपल्याकडे पिकलेल्या तेलाची, एक जहाजातून आलेल्या तेलाची. पहिली खाली उतरत जाते, दुसरी वर चढत जाते, आणि एका वर्षी एकमेकींना ओलांडून जातात. माणसामागे तेल पूर्वीपेक्षा जास्तच मिळतंय, कढई कुणाची रिकामी नाही. फक्त ते आपलं नाही. ज्या वर्षी त्या रेघा ओलांडतात, त्या वर्षी मी बंदरावर होते. तुम्हाला ठाऊक नसेल. ते जहाजाचं तेल थंडीत नळातच गोठतं, साबणासारखं. मग नळांना वाफ द्यायची, वितळलं की टाकीत सोडायचं. मी वाफेच्या चावीवर होते. दोन हिवाळे तेवढंच केलं. हातांना काही कळायचं नाही, गरम की गार. म्हणजे बघा, तुमची रेघ खाली जात होती आणि दुसरी वर ढकलायला मी उभी होते.

मागच्या आठवड्यात आपल्या खोऱ्याच्या पीकमोजणीच्या वह्या निघाल्या. गठ्ठा सोडला आणि तुमचं अक्षर दिसलं. सात आकड्याच्या पोटात आडवी रेघ, म्हणजे एकाशी घोळ नको. काही वाटलं नाही, अप्पा. वाटायला हवं होतं. मी नळावर जाऊन पाणी प्यायले, परत आले आणि पहिला आकडा चढवला.

तुमच्या आकड्यांत मला वर्षं ओळखू येत होती. एक ते वर्ष, जेव्हा जवसवाल्या काकांनी आपल्याला बांधाजवळच्या वाळक्या कोपऱ्याकडे ढकलत नेलं, इथंच मोजा साहेब, म्हणजे वर कळतील आमचे हाल. आणि तुम्ही म्हणालात, जागा मी ठरवत नाही, ही ठरवते. मग मी डोळे मिटून आकड्यांच्या कागदावर बोट ठेवलं, बोटाखाली येईल तेवढी पावलं उभी आणि तेवढी आडवी चाललो, आणि आलो नेमके शेतातल्या सगळ्यात गच्च ठिकाणी. काका म्हणाले, पोरगी आहे की हेर. तुम्ही पाच मीटरचा दोर काढलात, त्याच्या टोकाचा फास खुंटीत अडकवलात, दुसरं टोक माझ्याकडे. चार बाजू, चार खुंट्या, आतलं पीक कापायचं, झोडायचं, तोलायचं. त्या चौकोनावरून अख्ख्या खोऱ्याचा अंदाज. आणि हंगामाच्या पहिल्या दिवशी सगळ्यात आधी दोरच मोजायचा, कारण दोर ओला-सुका होऊन आटतो. ओसरीच्या फरशीवरच्या दोन खुणांवर तुम्ही एक टोक धरायचात, मी एक. एकट्याला तो नीट ताणता येत नसे.

आता मुद्दा. मी घर सोडून गेले त्या वर्षापासून आपल्या खोऱ्याचा उतारा एकदम पडलाय. तिळाचा, जवसाचा, सूर्यफुलाचा, सगळ्यांचा. शंभराच्या जागी एक्याऐंशी. आणि पुढची तीन वर्षं तसाच. बाईंनी चष्मा सापडल्यावर ते पाहिलं आणि म्हणाल्या, शेरा लिही, कारण काय. गोगलगाय म्हणाला, कमी पाऊस लिहून टाक आणि चहाला चल. बाई म्हणाल्या, मग शेजारच्या खोऱ्यात ढग काय तिकीट काढून गेले होते? तिथे काहीच पडलेलं नाही. आणि तिन्ही पिकांना एकाच मापाने लागणारी कीड त्यांनी अजून ऐकलेली नाही.

मी आलेखाच्या कागदावर चौकोन काढत बसले. पाच बाय पाचचे पंचवीस. मग बाजू थोडी थोडी कमी करत गेले. साडेचारला सव्वावीस आले. पंचविसात सव्वावीस म्हणजे शंभरात एक्याऐंशी. मी तो कागद घडी करून कोटाच्या खिशात ठेवला आणि जेवायला गेले. जेवण झालं. भात गार होता.

मी गेले त्या सकाळी माझ्या पेटीची कडी तुटली होती. बांधायला काही सापडेना. दोर खुंटीला होता. मी हातभर कापला आणि टोकाला पुन्हा फास घातला, तुम्ही शिकवला तसाच, कुणाला कळणार नाही इतका नीट. तो हंगामाचा पहिला दिवस होता. तुम्ही अजून उठला नव्हता. मला वाटलं होतं, हातभराने काय होतंय. आणि तुम्ही मोजालच. ताईला तुम्ही दोर धरू देत नाही, मग दुसरं टोक धरायला कुणी नसेल, हे मनातच आलं नाही.

पुढचं वह्यांत आहे. तीन वर्षं उतारा कमी दिसला म्हणून गिरणीने आपल्याकडचं बी खरेदी केंद्र उठवलं. पेरा निम्म्यावर आला. जवसवाल्या काकांच्या गावापुढे तर जवसाचा रकाना कोराच आहे. बाई म्हणतात, रेघ तशीही उतरतच होती, सगळीकडेच उतरली. तसं असेल. पण आपल्याकडे ती उतरलेली नाही, जिन्यावरून पडलीय.

आणि पाचव्या वर्षी उतारा परत जागेवर. एकदम, बरोबर तेवढाच. त्या वर्षी दोराचं दुसरं टोक कुणीतरी धरलं असणार, आणि तुम्हाला कळलं असणार. फास कुणाच्या हातचा, तेही. ज्याने एकदा एक चुकीचं शून्य दुरुस्त करायला चौदा मैल सायकल मारली, त्याने या चार वर्षांवर एकही शेरा लिहिलेला नाही. खाली फक्त सही आहे. मी ती सही बराच वेळ पाहिली.

आज मी शेरा लिहिला. माप पाच मीटरपेक्षा आखूड, दोर मापकाच्या मुलीने कापला, मापकास ठाऊक नव्हते. बाईंनी वाचलं, माझ्याकडे पाहिलं, आणि चष्मा डोळ्यांवर असताना टेबलावर शोधला. मग म्हणाल्या, हिशेबाने काढलेली लांबी चालणार नाही, प्रत्यक्ष मोजलेली लागेल, आणि मापकाची सही. तेवढं आलं तर चारही वर्षं दुरुस्त होतील. केंद्र परत येणार नाही, आकडे येतील. नाही आलं तर येत्या शुक्रवारनंतरच्या शुक्रवारी आहेत तसेच जातील.

म्हणून हे पत्र. शेऱ्याचा कागद आणि दोराचा तुकडा आत ठेवला आहे. तुकडा सात वर्षं पेटीवर होता, गाठ सोडवायला दोन संध्याकाळी लागल्या. मी तो मोजलेला नाही. ओसरीवरच्या खुणांशी तुमच्या त्या जुन्या आखूड दोरालाच लावून मोजा आणि शेऱ्याखालच्या कोऱ्या ओळीवर आकडा लिहून सही करा. ताईला दुसरं टोक धरू देऊ नका, ती ओढते. टपालाने वेळेत पोचणार नाही असं वाटलं तर तसं कळवा. इथून रात्रीची गाडी आहे. टोक धरायला मी येईन.

तुमचीच,
शेपूट