थोरल्याच्या नावाने

आईला काफीचा सलाम. मी कैरोत धडधाकट आहे. तुझा गुडघा काय म्हणतो?

मी आता स्पर्धेत फुटबॉल खेळतो! राहायचा परवाना नाही म्हणून माझी नोंद होईना. होडीने युरोपला जायचं म्हणून समुद्रावर जाताना कुकूदादा त्याचं खेळाडूचं ओळखपत्र ठेवून गेला होता. कोच म्हणाले, "चेहरा तोच आहे. आजपासून तूच कुकू. हाक मारली की वळायचं, येड्यासारखं बघत बसायचं नाही."

आता वळतो. पण आपल्या नुबा लोकांत थोरला तो कुकू आणि पाठचा तो काफी, हे पोराटोरांनाही ठाऊक. काल गोल केल्यावर आपल्याकडची एक मावशी ओरडली, "कुकू, तुझा काफी कुठाय रे?"

पंच जवळच उभे होते. मी म्हणालो, "समुद्रावर गेला. होडीचा पत्ता नाही."

तिकडे कुणी सांगेल, कुकू सापडला. आई, त्याच्या वाटचं शिजवू नकोस. तो मीच आहे.

तुझा धाकटा,
काफी