बुबु मागते तेव्हा

सोमवार, ३ ऑगस्ट

आले एकदाची. लाऊतोकाहून या बेटावर बोटीने तीन तास, आणि शेजारी सगळा वेळ उलट्या करणारा एक ऑस्ट्रेलियन. धक्क्यावर रिसॉर्टच्या पोरापोरींनी गिटार घेऊन आमचं स्वागताचं गाणं म्हटलं. दुसरं कडवं साफ चुकवलं. मी तिथेच उभं राहून ते नीट म्हणून दाखवलं, तर पाहुणे टाळ्या वाजवायला लागले. त्यांना वाटलं मीही नोकरीवरच आहे.

हा सगळा तितिलियाचा हट्ट. माझी लेक नांदी शहरातल्या कचेरीत या रिसॉर्टच्या खोल्यांची नोंदणी बघते, म्हणून आईला सात दिवस फुकट. तीस वर्षं वॉर्डात पेशंट उचलून माझा उजवा खांदा कामातून गेलाय, आणि आता नातवंड उचलायला तो लागणार आहे. लग्नानंतर नऊ वर्षांनी पोरीला दिवस गेलेत, सातवा महिना चालू आहे. रविवारी मला न्यायला ती स्वतः बोटीने येणार म्हणते. येऊ नकोस म्हणून बजावलं, पण ऐकेल तर शपथ.

जेवायला नारळाच्या दुधातला मासा होता. लिंबू कमी, बाकी ठीक. उद्यापासून मालिश.

मंगळवार, ४ ऑगस्ट

स्पा म्हणजे पाण्याच्या काठाला गवती छपराची कुटी. आत खोबरेल तेल, गरम दगड, जास्वंदीची फुलं घातलेलं पाणी. मालिश करणारी मकेरेता सत्तरीच्या पुढची आहे. सगळे तिला बुबु म्हणतात, मीही म्हणते. बुबु म्हणजे आजी, इतक्या वयाच्या बाईला दुसरं काय म्हणणार? हात असे की अर्ध्या तासात माझी बडबड बंद झाली, आणि हे भल्याभल्यांना जमलेलं नाही. माझ्या डोक्याला हात लावण्याआधी तिने रीतसर परवानगी मागितली. बाई जुन्या वळणाची आहे.

शेवटी ती खाली चटईवर बसली, ओंजळीच्या दोन-तीन हळू टाळ्या वाजवल्या आणि म्हणाली, केरेकेरे, हे खांद्याचं दुखणं मला देऊन टाक. मला हसूच आलं. आमच्यात कुणी केरेकेरे म्हणून काही मागितलं की नाही म्हणायचं नसतं. माझी चांगली इस्त्री अशीच तीन वर्षं नणंदेच्या घरी आहे. म्हटलं, घे बाई, आणि परत आणून देऊ नकोस.

संध्याकाळी केस विंचरताना हात सरळ वर गेला. कळ नाही, काही नाही. मी चार वेळा वर-खाली करून बघितला.

बुधवार, ५ ऑगस्ट

शेजारच्या खोलीतली ग्लेनिस आज दुपारच्या बोटीने ब्रिस्बेनला परत गेली. यानंतरची बोट थेट रविवारी. जाताना हसत सांगत होती की बुबुने तिच्याकडे तिची झोप मागितली. ही म्हणाली, सॉरी डार्लिंग, ती मला लागते, आणि वर म्हातारीचा गाल थोपटला. मला ऐकूनच शरम वाटली. इतक्या वयाच्या बाईला तोंडावर नाही म्हणायचं?

म्हणून आज बुबुने माझ्याकडे झोप मागितली, तेव्हा मी मुद्दाम प्रेमाने हो म्हटलं. तिला खूप वर्षांत झोप लागलेली नाही म्हणे. चेष्टाच ती, पण चेष्टेतसुद्धा कुणाचा मान ठेवायला काय जातं?

मालिश करताना तिचा उजवा हात उचलत नव्हता, कण्हत होती. या वयात काम कशाला करते कोण जाणे.

गुरुवार, ६ ऑगस्ट

डोळ्याला डोळा लागला नाही. रात्रपाळीत अशा रात्री पुष्कळ काढल्यात, पण तेव्हा निदान डुलकी यायची. हे वेगळं आहे. झोप कशी यायची असते तेच आठवत नाहीये.

बुबु आज टवटवीत होती. गालावरच्या सुरकुत्या कमी झाल्यासारख्या वाटल्या. मी न जाण्याचं ठरवलं होतं, तर तीच माझ्या खोलीच्या ओट्यावर येऊन बसली. टाळी वाजवली आणि माझे पाय मागितले. टेकडीवरच्या चर्चला जायला तिला चढ चढवत नाही म्हणे.

मला नाही म्हणायचं होतं. देवाशपथ म्हणायचं होतं. पण ती माझ्यापेक्षा खाली बसली होती, मान झुकवून, माझ्या आईच्या वयाची. पन्नास वर्षांची सवय तोंडात बसलेली. दिले, म्हणून मीच बोलून गेले.

शुक्रवार, ७ ऑगस्ट

पाय धरत नाहीत. दुखत नाहीत, मेलेले नाहीत, गुडघ्यावर मारलं तर उडतात. नर्स आहे मी, सगळं तपासलं. उभं राहायचं कसं, ते फक्त गेलंय. खिडकीतून बुबु टेकडी चढताना दिसली. भरभर.

मॅनेजर सिरेलीला बोलावून सगळं सांगितलं. तो हसला नाही, हे सगळ्यात वाईट. डॉक्टर रविवारच्या बोटीने येईल म्हणाला. मी चिडले. कुठल्या गावचा रे तू, म्हणून विचारलं. आमच्यात माणसाची ओळख तिथूनच सुरू होते. तो हळूच म्हणाला की ते त्याने बुबुला दिलं. गावाचं नाव, रस्ता, घर, सगळंच. सुट्टी मिळाली तरी आता त्याला कुठे जायचं ते कळत नाही.

तिला कोणी अडवत का नाही, असं मी विचारलं.

“आमच्यापैकी कुणाला नाही म्हणता आलं नाही, बाईसाहेब. तुम्ही शहरातल्या. वाटलं, तुम्ही तरी म्हणाल.”

मला खूप भीती वाटतेय. उद्या तितिलियाला फोन करून सांगते, येऊ नकोस. काहीही कारण सांगीन.

शनिवार, ८ ऑगस्ट

फोन लावत होते तेवढ्यात ती आली. टाळी. आवाज मागितला, चर्चमध्ये गायला.

मी तोंड घट्ट मिटलं. हो म्हटलं नाही. एक अक्षर नाही —

ती थांबली. मग आभाराच्या टाळ्या वाजवल्या. वडीलधाऱ्या बाईने मागितलं आणि समोरचा गप्प राहिला, म्हणजे दिलं. मला माहीत होतं हे. लहानपणापासून माहीत आहे.

फोन लागला. तितिलिया आई, आई म्हणत होती. माझ्या तोंडून नुसती हवा. बुबुने माझ्या हातातून फोन घेतला आणि माझ्या आवाजात बोलली —

“ये गं लवकर. वाट बघतेय मी.”

तितिलिया हसली. मला ऐकू आलं.

मग बुबुने मला विचारलं, कितवा महिना? मी मान फिरवली. ती म्हणाली, असू दे, तिलाच विचारीन. तिच्याकडेच मागीन. तुझ्याकडे आता मागण्यासारखं काही उरलं नाही.

सिरेलीला चिठ्ठी दिली, बोट परत पाठव म्हणून. त्याने वाचली. घडी घालून बुबुला नेऊन दिली, तिने ती आधीच मागून ठेवली होती. रडत होता.

रविवार, ९ ऑगस्ट

सकाळचे दहा. बुबुने मला अंघोळ घातली, फुलं माळली, ओट्यावर खुर्चीत बसवलं. इथून धक्का दिसतो. फोन तिच्याकडेच आहे, वही मात्र काढून घेतली नाही. घ्यायची गरजच नाही तिला.

वहीच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलंय — नाही म्हण. तेवढंच. लांबून वाचता येईल असं.

बोट आली.

गाणं म्हणतायत. तितिलिया उतरली. पिवळा झगा. एक हात पोटावर. किती मोठं दिसतंय पोट —

पान वर धरलं. दोन्ही हातांनी हलवलं. तिने बघितलं. तिनेही हात हलवला. आई मजेत आहे, असं वाटलं तिला —

बुबु धक्क्यावर पोचली. चटई टाकली. बसली.

सात वर्षांची असताना तितिलियाने शेजारच्या म्हातारीला पेरू द्यायला नाही म्हटलं होतं. मी हिच्या पाठीत धपाटा घातला होता. मोठ्यांना नाही म्हणायचं नाही. कधीच नाही. नंतर पुन्हा कधी मारावं लागलं नाही. सगळे म्हणायचे, केलेराने पोरीला वळण छान लावलंय —

टाळी.

तितिलिया खाली वाकली. ऐकतेय. हसतेय. पोटावरचा हात काढला. होकाराची मान

हल