मोगऱ्याचा ताण

आये,

काल जावई पोरीला न्यायला आला होता. पण त्याआधी मोगऱ्याचं सांगते, कारण माझ्या परसात अजून तुझाच मोगरा आहे आणि सगळं भांडण त्याच्यावरूनच आहे. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तुझ्याशी भांडायचं मात्र राहूनच गेलं. दोन बुकं शिकलेली बाई मी, अक्षर वाकडं येईल. लढाई संपली तरी रॉकेल मिळत नाही, म्हणून दिवसाउजेडी ओट्यावर बसून लिहिते आहे.

तुझं खालापूरकडचं परस मला अजून दिसतं. सांडपाण्यावर अळू नि कर्दळ, कुडावर जाई, आणि विहिरीच्या वाटेला मोगऱ्याची रांग. पौष लागला की तू मोगऱ्याचं पाणी तोडायचीस. मला कळवळा यायचा. चोरून तांब्याभर ओतायला गेले की पाठीत धपाटा. "अगं भवाने, ताण दे त्याला! लाड केलेस तर नुसता पाला देईल." माघात छाटायचीस, उरलीसुरली पानंही ओरबाडायचीस. नुसत्या काड्या उभ्या. मग शिमग्याच्या आधी शेणखत घालून पाणी सोडलं की चैत्रात परस पांढरं. देवाला, शेजारणींना ओंजळ ओंजळ वाटायचीस. झाडाचं तुला कळत होतं, ते मान्य.

पण तेच तू माझ्यावर चालवलंस. सासूनं चुलीतलं लाकूड पाठीत घातलं म्हणून मी कर्जतहून अनवाणी पळत आले होते. तू भाकरी थापते आहेस, वर बघत नाहीस. "जेव, आन् ऊन कललं की जा. बाईला ताण बसल्याबिगर ती फुलत नाय." संध्याकाळी सासरे गाडी घेऊन आले. तू मोगऱ्याची मुळं फुटलेली फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून माझ्या मांडीवर ठेवलीस आणि घरात गेलीस. मी नांदले. मोगराही लागला. बाया म्हणतात, आईनं वळण चांगलं लावलं. मी दात खाते.

आता तुझी नात. कशेळ्याकडे दिली होती. पौषात आली, दंडावर उलथण्याचा डाग.

"कसा गं लागला?"

"लागला नाय आये, लावला."

भांडी घासून झाली की उरलेलं पाणी ती रोज मोगऱ्याला ओतायची. मी ओरडले, "ताण दे गं त्याला, चैत्रात काय पाला माळशील?" तिनं घागर खाली ठेवली. म्हणाली, "मागल्या साली कोपऱ्यातला खुंट ताणानंच वाळला ना? त्याचं कोन बोलतं?" ती ओतत राहिली आणि मी बघत राहिले.

काल जावई आणि त्याचा चुलता आले. आमच्या ह्यांनी पान पुढं केलं. बापाच्या सांगण्यावरून पोरीनं गाठोडं आधीच बांधलं होतं. दाराआड उभी होती, हातानं दंड झाकून. चुलता गोड बोलला, "इहीणबाई, संसार हाय. भांड्याला भांडं लागायचंच."

"भांड्याला भांडं लागतं, दंडाला उलथणं लागत नाय," मी म्हटलं.

जावई उठला. "मामी, लेकीला डोक्यावर बसवू नका. जरा कळ काढायला शिकवा."

आये, तोंड त्याचं होतं, पण बोलत तू होतीस. मी आत गेले, गाठोडं उचललं आणि त्याच्यासमोर ओट्यावर सोडलं. लुगडी, चोळ्या, फणी, सगळं पसरलं. "हे आता हितंच राहणार. गाडी वळवा." हे खालच्या आवाजात म्हणाले, "अगं, लोकं तोंडात शेण घालतील."

"घालू दे. मोगऱ्याला घालीन."

गाडी रिकामी गेली. पण चुलता जाताना सांगून गेला, पंच घेऊन येऊ. येतील. ह्यांनी कालपासून माझ्या हातचं पाणी घेतलेलं नाही. पोर फाटकाकडे बघते आणि गाडीचे घुंगूर वाजले की दचकते, गाडी कुणाचीही असो.

मोगऱ्याचं तुझंच खरं झालं. पाला माजलाय, कळ्या थोड्याच. पण आल्यात. आज सकाळी पोरीनं ओंजळीच्या तळाला लागतील एवढ्या तोडल्या आणि न विचारता माझ्या अंबाड्यात खोचल्या.

हे पत्र कुठं टाकायचं? फडताळात लुगड्यांखाली ठेवते. एवढं मात्र सांगते. त्या संध्याकाळी ती फांदी मांडीवर घेऊन मी गाडीत बसले, तेव्हा चिंचेचं वळण येईस्तोवर मागं बघत होते. तू दारात येऊन हाक मारशील, असं वाटत होतं.