पेटीतली हिरवी साडी

जागृती,

मी शिवाजीच्या मळ्यात जातोय. संध्याकाळच्या भरीत पार्टीला वांगी भाजायला कपाशीच्या पऱ्हाट्या गोळा करायच्या आहेत. दूध तापवून झाकलंय.

तुझी सासू गेल्यापासून तिची पेटी मी उघडली नव्हती, आज उघडली. हिरवी साडी नाही. गेले काही दिवस तू आणि शेजारची रविना ओट्यावर हसता, आणि मी आलो की वांग्यांच्या भावाचा विषय काढता. काल रविना म्हणाली, "आबांना सांगू नको, उठून जातील." मी बहिरा नाही.

पार्टीत तुझी सासू सगळ्या गल्लीच्या नकला करायची, माझीसुद्धा. यंदा तिचीच नक्कल करणार आहात ना? विचारलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं, म्हणूनच विचारलं नाहीस.

साडी नेस, पण नंतर धुऊ नकोस, तशीच पेटीत ठेव. "मन्हं भरीत शे, हात लाऊ नका!" हे चांगलं ओरडून म्हण, ती हळू कधी बोलली नाही. आणि भरीत चाखून ती हात पदराला पुसत नसे, माझ्या खांद्यावरच्या रुमालाला पुसायची.

मी रुमाल घेऊन पुढेच बसतो.

आबा